कॅरिबियन बेटांवरची कासवं: अंडी घालणारी वेगळी, चरणारी वेगळी

पुळणवाट (धागाकर्ता)

बोनेर, अँटिग्वा, बार्बाडोस या बेटांवर जाऊन आलेल्यांच्या फोटोंखाली एक वाक्य हमखास असतं: "हे कासव इथल्याच किनाऱ्यावर अंडी घालतं." बहुतेक वेळा ते चूक असतं. चूक लहान वाटते, पण कासवं वाचवायची कुठे, हा सगळा हिशेब तिच्यामुळे बिघडतो. म्हणून हा धागा.

बेटाभोवती पोहताना दिसणारं ग्रीन किंवा हॉक्सबिल कासव बहुधा अर्धवट वाढीचं असतं. ते भलत्याच देशाच्या पुळणीत जन्मलेलं असतं. पहिली काही वर्षं ते भर समुद्रात काढतं, आणि पाठ साधारण २० ते ३५ सेंमीची झाली की एखाद्या बेटाच्या प्रवाळात किंवा गवतात उतरतं. तिथे ते वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं. वयात यायला २० किंवा त्याहून जास्त वर्षं जातात. मग वीण घालायला ते आपल्या जन्माच्या भागाकडे निघतं.

उलट, त्याच बेटाच्या पुळणीवर रात्री चढणारी मादी पाहुणी असते. ती दोन-तीन वर्षांतून एकदा येते, एका मोसमात तीन ते पाच वेळा अंडी घालते आणि आपल्या चराऊ भागाकडे परत जाते. बोनेरवर अंडी घातलेल्या माद्यांवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले, तेव्हा त्यातल्या काही थेट निकाराग्वा आणि होंडुरासच्या उथळ समुद्राकडे गेल्या. बोनेरवर कासवाला पूर्ण संरक्षण आहे. निकाराग्वाच्या मिस्किटो किनाऱ्यावर ग्रीन कासव पकडून खाणं तिथल्या लोकांना कायद्याने मान्य आहे. म्हणजे एका टोकाला रात्र-रात्र गस्त घालून राखलेली मादी दुसऱ्या टोकाला जाळ्यात जाऊ शकते.

बोनेरला लागून असलेल्या क्लाइन बोनेर या छोट्या, निर्मनुष्य बेटाच्या पुळणीवर हॉक्सबिल आणि लॉगरहेड या दोन जातींच्या माद्या चढतात. त्याच वेळी बोनेरच्या पूर्वेकडच्या लाक उपसागरात लहान ग्रीन कासवं गवत चरत असतात. अंतर काही किलोमीटरचं, पण या दोन मंडळींचा एकमेकांशी संबंध जवळजवळ नाही.

ज्यांना पावलांच्या खुणा, अंडी हलवणं, गवत, स्पंज यातलं नेमकं माहीत आहे त्यांनी लिहावं. आकडे असतील तर उत्तमच.

---

रेतीवाचक

खुणांपासून सुरुवात करतो, कारण तिथेच सर्वात जास्त नोंदी चुकतात.

हॉक्सबिल उजवं-डावं आळीपाळीने टाकत चढते, म्हणून तिच्या खुणा समोरासमोर येत नाहीत, तिरक्या येतात. रुंदी साधारण ७० ते ८५ सेंमी. ग्रीन दोन्ही पुढचे फ्लिपर (वल्ह्यासारखे पाय) एकदम मारते. खुणा समोरासमोर, रुंदी मीटरभर, आणि मधोमध शेपटीच्या टोकाने उठलेली तुटक रेघ. लेदरबॅक जातीच्या मादीचा माग दीड ते दोन मीटर रुंद आणि खोल असतो, तो चुकणं अवघड. लॉगरहेड आणि हॉक्सबिल यांत मात्र गफलत होते, कारण दोघी आळीपाळीनेच चालतात आणि रुंदीही जवळपास सारखी. तिथे माग कुठपर्यंत गेला ते बघा. हॉक्सबिल झुडपांत, मुळांत, थेट सी-ग्रेप या किनाऱ्यावरच्या झाडाच्या पानाखाली घुसते. लॉगरहेड बहुधा उघड्या वाळूत थांबते.

चढती खूण कुठली आणि उतरती कुठली हे ओळखायचं तर वाळू कुठे ढकलली आहे ते पाहा. फ्लिपर वाळू मागे लोटतो, त्यामुळे वाळूची छोटी भिंत प्रवासाच्या उलट बाजूला उभी राहते. दोन खुणा एकमेकींवरून गेल्या असतील तर वरची ती परतीची. कोकणात आणखी एक सोय आहे: ओहोटीत आलेल्या मादीचा परतीचा माग लांब असतो, कारण पाणी मागे गेलेलं असतं. कॅरिबियनमध्ये ही युक्ती फारशी चालत नाही. तिथे भरती-ओहोटीतला फरक बहुतेक बेटांवर अर्ध्या मीटरच्याही आत असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मादी चढली म्हणजे अंडी घातलीच असं नाही. मूळ लागलं, दगड लागला, कुणी टॉर्च मारला, वाळू फार कोरडी निघाली आणि खड्डा ढासळत राहिला, की ती तशीच परत जाते. अंडी घातली असतील तर मागच्या बाजूला उडवलेल्या ओलसर वाळूचा पसारा दिसतो आणि खड्ड्याच्या कडा बुजलेल्या असतात. नुसता उघडा खड्डा आणि कडा शाबूत, तर ती बहुधा रिकामी फेरी. शंका असली तर "अनिश्चित" लिहा. काठी खुपसून अंडी शोधू नका. एक अंडं फुटलं की बुरशी आणि मुंग्या आत शिरतात, आणि मग नुकसान त्या एका अंड्यावर थांबत नाही.

---

सीग्रेप

रेतीवाचक यांच्या मुद्द्याला जोड. हॉक्सबिल वजनाने हलकी, ६० ते ८० किलोच्या आसपास. जाड कोरड्या वाळूत किंवा पालापाचोळ्यात तिचा माग सकाळपर्यंत टिकतोच असं नाही. पहाटे एकदा चक्कर मारून हॉक्सबिलची मोजणी केली तर ती कमी भरणारच.

यावरचं चांगलं उदाहरण म्हणजे अँटिग्वाजवळचं लाँग आयलंड, तेच जंबी बे. तिथल्या पाश्चर बीचवर १९८७ पासून हॉक्सबिलवर काम चालू आहे. पुळण जेमतेम अर्धा किलोमीटर. जूनच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत रोज रात्री दर तासाला फेरी होते. तासाचाच हिशेब का, तर हॉक्सबिलचा पाण्यातून बाहेर पडण्यापासून परत जाईपर्यंतचा कार्यक्रम तास-दीड तासाचा असतो. फेरी तासाला झाली तर मादी सुटत नाही, दोन तासांवर नेली तर सुटते.

फेरीची पद्धत: पाण्याच्या कडेकडेने, दिवा बंद ठेवून चालायचं. माग दिसला की त्यावरून वर न जाता बाजूने जायचं. मादी अजून जागा शोधत असेल किंवा खणत असेल तर तिथेच खाली बसायचं, हलायचं नाही. मागचे फ्लिपर थांबले आणि अंडी पडायला लागली की ती एक प्रकारच्या गुंगीत जाते. तेव्हा मागून, जमिनीला चिकटून जवळ जायचं. दिवा लागलाच तर लाल, आणि तोही फक्त खड्ड्याकडे. अंडी पडायचा वेळ दहा ते वीस मिनिटं. तेवढ्यात अंडी मोजायची. टॅग (नंबराची पट्टी) मात्र अंडी संपून ती वाळू लोटायला लागल्यावरच. आधी टोचलं तर अर्ध्यात उठून जाण्याची भीती असते.

टॅग इन्कोनेल धातूचा, पुढच्या दोन्ही फ्लिपरना, काखेजवळच्या पहिल्या मोठ्या खवल्याशी. दोन का? एक पडतोच कधीतरी. टोकाकडे लावला तर पाण्याच्या ओढीने फाटून निघतो. घट्ट लावला तर कातडी कुजते, म्हणून कडेला काही मिलिमीटर फट ठेवावी लागते. लेदरबॅकच्या पुढच्या फ्लिपरवर खवले नसतात, म्हणून तिला टॅग मागच्या फ्लिपरला, आणि खांद्याच्या स्नायूत तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप. नंबर एकाने वाचायचा, दुसऱ्याने मोठ्याने परत म्हणायचा, मग लिहायचा. एक आकडा चुकला तर ती मादी पुढच्या वेळी "नवी" म्हणून नोंदली जाते.

---

हरिहरेश्वरी

एक प्रश्न. कोकणातल्या वेळासला २००२ पासून सगळी घरटी उचलून हॅचरीत (अंडी पुरून राखायच्या जागेत) नेतात आणि ती पद्धत कोकणभर पसरली. मग कॅरिबियनमध्ये घरटं शक्यतो जागेवरच ठेवा असं का सांगतात? तिथे जनावरं नाहीत का?

---

पुळणवाट

@हरिहरेश्वरी, प्रश्न अगदी नेमका आहे. कोकणात कोल्हे, कुत्री, अंडी काढून नेण्याची जुनी सवय आणि मोठी भरती हे सगळं एकाच पुळणीवर येतं. घरटं जागेवर ठेवलं तर ते टिकेल याची खात्री नव्हती. तिथे हॅचरी हा योग्यच निर्णय होता.

पण हॅचरी म्हणजे नेहमीच "जास्त सुरक्षित" असं नाही. अंडी हाताळताना काही मरतात, सगळी घरटी एकाच तापमानाच्या वाळूत येतात, आणि एक वादळ किंवा एक बुरशी सगळ्यांना एकदम गाठू शकते. म्हणून कॅरिबियनमध्ये आधी कारण विचारतात: हे घरटं लाटेखाली जाणार आहे का? भक्षक आवरणं शक्य आहे का? जागेवर ठेवून बचाव होत असेल तर हलवायचं नाही.

लेदरबॅकचं गणित वेगळं. ती उघड्या वाळूत, पाण्याच्या जवळ अंडी घालते आणि तिला आवडणाऱ्या पुळणी मोसमागणिक सरकत असतात. सेंट क्रॉईच्या सँडी पॉइंटवर वाळू एका बाजूने वाहून दुसऱ्या बाजूला साचते. त्यामुळे वाहून जाणाऱ्या भागातली घरटी हलवण्याचं काम तिथे १९८० च्या दशकात सुरू झालं. हलवली नसती तर ती पाण्यातच गेली असती.

---

उबवण

हलवायचंच झालं तर कसं, ते सविस्तर लिहिते. इथे घाईही मारते आणि उशीरही.

अंडी घातल्यापासून शक्यतो दोन तासांत ती नव्या खड्ड्यात गेली पाहिजेत. सहा तासांपर्यंत काम चालतं, पण धोका वाढत जातो. कारण असं: काही तासांत गर्भ अंड्याच्या कवचाच्या आतल्या पापुद्र्याला वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं तर तो सुटतो आणि मरतो. म्हणून घरटं दुसऱ्या दिवशी सापडलं, तर लाटेखाली जाणारच याची खात्री असल्याशिवाय हात लावायचा नाही. लावावाच लागला तर प्रत्येक अंड्याची वरची बाजू मऊ पेन्सिलीने खुणावून, त्याच बाजूने ठेवत न्यायचं.

सोपा मार्ग म्हणजे अंडी पडतानाच स्वच्छ पिशवी खाली धरणं. नाहीतर बादलीत तळाला मूळ घरट्यातलीच ओली वाळू घालून अंडी एकेक ठेवायची. उचलताना तळव्यावर घ्यायची, दोन बोटांत चिमटायची नाहीत. बादली हलू-डुलू न देता न्यायची. उन्हात नाही, गाडीच्या मागच्या फळीवर तर नाहीच.

खड्डा मूळ मादीच्या खड्ड्यासारखा हवा, सुरईसारखा: तोंड अरुंद, पोट रुंद. हॉक्सबिलसाठी तळ सुमारे ४५ ते ५० सेंमीवर, ग्रीनसाठी ७० च्या आसपास, लेदरबॅकसाठी ७५ ते ८०. नेहमीची चूक म्हणजे सरळ बादलीसारखा खड्डा. त्यात अंडी पसरत नाहीत, उंच रचली जातात, आणि वरच्या थराला वाळूचं पुरेसं पांघरूण उरत नाही. दुसरी चूक म्हणजे कोरडी वाळू आत ढासळू देणं. कोरडी वाळू अंड्यांतलं पाणी ओढून घेते. आधी ओली वाळू, तीही हाताने हलकी दाबून, आणि शेवटी वर कोरडी. पायाने तुडवायचं नाही.

संख्या लक्षात असू द्या म्हणजे मोजणी चुकली की कळतं. कॅरिबियन हॉक्सबिलच्या एका घरट्यात सरासरी १४० ते १५० अंडी, ग्रीनच्या ११० च्या आसपास. लेदरबॅकची बलकवाली ८० च्या जवळपास आणि वर काही बिनबलकाची लहान अंडी. ती लहान अंडी सर्वात शेवटी, वरच ठेवायची. त्यांतून पिल्लू निघत नाही, तरी टाकून देऊ नयेत.

हॅचरी असेल तर दोन घरट्यांत मीटरभर अंतर, आणि पुढच्या मोसमात जागा किंवा वाळू बदलायची. जुन्या कवचांतली बुरशी वाळूत राहते. पिल्लं वर आली की लगेच, अंधारात, दर वेळी वेगळ्या जागी सोडायची. टोपलीत तासन्‌तास ठेवलेली पिल्लं समुद्रात पोहोचेपर्यंत दमलेली असतात.

---

रेतीवाचक

@उबवण, उत्तम. फक्त एक भर. वाळूचा रंग आणि सावली यांनाही इथे मान द्यायला हवा. अंड्याच्या उबवणीच्या मधल्या तिसऱ्या भागातलं तापमान नर की मादी ते ठरवतं. साधारण २९ अंशांच्या वर मादी वाढतात, खाली नर. माँटसेरातसारख्या ज्वालामुखी बेटाची काळी वाळू उन्हात जास्त तापते, प्रवाळाची पांढरी वाळू तेवढी तापत नाही. झाडाखालचं घरटं उघड्यावरच्यापेक्षा थंड.

ग्वादेलूपमधल्या मारी-गालांत बेटाच्या त्रवा-इले पुळणीवर केमेल आणि म्रोसोव्हस्की या संशोधकांनी दाखवलं की प्रत्येक हॉक्सबिल मादीची जागेची आवड ठरलेली असते. एक दर वेळी झाडीत जाते, दुसरी दर वेळी उघड्यावर. म्हणजे किनाऱ्यावरची झाडी तोडली तर नर तयार करणारी घरटीच कमी होतात. आणि सगळी अंडी उचलून एकाच उघड्या हॅचरीत पुरली तर तेच नुकसान आपण स्वतः करतो. अंडी हलवताना मूळ घरटं सावलीत होतं की उन्हात हे लिहून, नवं त्याच तऱ्हेच्या जागी करावं. तापमान मोजायचं तर लॉगर (तापमान नोंदत राहणारं छोटं यंत्र) अंड्यांच्या मधोमध ठेवायचा. कडेला ठेवला तर आकडा कमी येतो, कारण वाढत्या गर्भांची स्वतःची ऊब मधेच जास्त असते.

---

मुंगसाची_गोष्ट

जनावरं नाहीत का, या प्रश्नाचं अर्धं उत्तर राहिलं आणि त्यात आपल्या देशाचा थेट वाटा आहे. १८७२ साली जमैकात ऊसमळ्यातले उंदीर मारायला कलकत्त्याहून नऊ मुंगसं आणून सोडली. तिथून ती बेटाबेटांवर नेली गेली: प्वेर्तो रिको, सेंट क्रॉई, बार्बाडोस, ग्रेनाडा, अँटिग्वा. उंदीर रात्री फिरतो, मुंगूस दिवसा. उंदीर राहिलेच, आणि मुंगसाने जमिनीवरचे पक्षी, सरडे आणि कासवाची अंडी खाल्ली. हॉक्सबिल झुडपात अंडी घालते आणि मुंगूसही झुडपातच हिंडतं, म्हणून तिला त्याचा त्रास सर्वात जास्त. सेंट क्रॉईजवळच्या बक आयलंडवर मुंगसं आटोक्यात आणल्यावरच घरट्यांना जीवदान मिळालं.

सापळा पेटीचा, आमिष मासळीचं, सावलीत ठेवलेला, दिवसातून किमान दोनदा तपासायचा. घरट्यावर जाळी घालायची तर एक मीटर चौरस, वाळूखाली पाच-दहा सेंमी सपाट पुरलेली, कडा जास्त खोल. भोक ५ बाय १० सेंमीचं हवं, म्हणजे पिल्लं स्वतःच वर येतात. भोक त्याहून लहान घेतलं तर जाळी सापळा होते. लोखंडी, जस्त चढवलेली जाळी टाळा. ती घरट्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र बदलते, आणि पिल्लांची दिशेची जाण त्याच क्षेत्रावर बसते. प्लास्टिकची घ्या.

प्वेर्तो रिकोच्या मोना बेटावर मुंगूस नाही, पण मोकाट रानडुकरं आहेत. डुक्कर एका रात्रीत पुळणीभर घरटी उकरतं. तिथे उपाय कुंपणाचा.

---

गवतवाली

आता पाण्यात उतरू. चराऊ बाजूवर मराठीत जवळजवळ काहीच वाचायला मिळत नाही.

कॅरिबियन ग्रीन कासवाचं मुख्य खाणं म्हणजे थॅलॅसिया टेस्टुडिनम, ज्याला तिकडे कासवगवतच म्हणतात. पान रिबिनीसारखं चपटं, मुळं वाळूत खोल. कासव ते कसं खातं ते बघण्यासारखं आहे. ते पान शेंड्याकडून कुरतडत नाही, बुडाशी तोडतं. वरचा जुना, शेवाळ चढलेला भाग तरंगत जातो आणि कासव पुढे सरकतं. काही दिवसांनी त्याच तुकड्यावर परत येऊन नवी कोवळी पानं खातं. कोवळ्या पानांत नायट्रोजन जास्त आणि तंतू कमी. अशी राखलेली कुरणं वरून पाहिली की शेजारच्या उंच गवतात कापलेल्या हिरवळीसारखी दिसतात, कड अगदी स्पष्ट. सेंट व्हिन्सेंटच्या टोबॅगो केजमध्ये आणि लाक उपसागरात ती दिसतात.

इथे आता एक पाहुणं गवत घुसलंय. हॅलोफिला स्टिप्युलेसिया मूळचं तांबडा समुद्र आणि हिंदी महासागरातलं. कॅरिबियनमध्ये ते पहिल्यांदा २००२ साली ग्रेनाडाला नोंदलं गेलं. बहुधा बोटींच्या नांगरातून आणि जाळ्यांतून पसरलं. पान बोटाच्या पेराएवढं ते दोन-अडीच पेरांएवढं, मुळं वाळूच्या अगदी वरच्या थरात. तुटलेला तुकडासुद्धा रुजतो. कासव देशी गवत पसंत करतं, ते दाबून चरतं, मोकळी जागा पडते आणि तिथे हॅलोफिला शिरतं. लाकमध्ये हे नीट अभ्यासलं गेलंय. गवत हिरवं दिसतं म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नये. मोठी लाट आली की उथळ मुळांचं हॅलोफिला चटईसारखं उचकटतं आणि खालची वाळू उघडी पडते. थॅलॅसियाची खोल मुळं वाळू धरून ठेवतात.

नांगराचं म्हणाल तर प्रत्येक नांगर आणि त्याची साखळी गवतात खाच पाडते. थॅलॅसियाला ती भरून काढायला वर्षं लागतात आणि तोवर हॅलोफिला तिथे बसतं. कासवासाठी एखाद्या बेटावर एकच गोष्ट करायची असेल तर गवतावर कायमचे मूरिंग बोये (नांगर न टाकता बोट बांधायचे तरंगते गोळे) बसवा. हॅचरीपेक्षा त्याचा उपयोग जास्त, हे माझं ठाम मत आहे.

---

स्पंजखाऊ

गवतवालींनी ग्रीनचं लिहिलं, मी हॉक्सबिलचं. कॅरिबियनमधली हॉक्सबिल जवळजवळ स्पंजावरच जगते, हे संशोधक अ‍ॅन मेलन यांनी १९८८ मध्ये दाखवलं. स्पंजात काचेसारख्या सिलिकाच्या सुया असतात, काहींत विषारी रसायनं. तरी ती खाते. कोंड्रिला जातीचा, कोंबडीच्या काळजासारखा दिसणारा तपकिरी चकचकीत स्पंज तिच्या खास आवडीचा. चोच अरुंद असते ती कपारीत घालण्यासाठी. पुढच्या फ्लिपरने खडकाला रेटा देऊन ती स्पंज ओढून काढते. आतला भाग उघडा पडला की एंजलफिश लगेच भोवती जमतात, आणि पाण्यात हॉक्सबिल चरते आहे हे लांबून ओळखायची हीच सोपी खूण. स्पंज प्रवाळाशी जागेसाठी झगडतो, त्यामुळे हॉक्सबिल चरली तर प्रवाळालाही थोडी मोकळीक मिळते.

मोना बेटाभोवती १९९० च्या दशकापासून व्हॅन डॅम आणि दिएस या संशोधकांनी हॉक्सबिल पकडून, टॅग करून, परत पकडून अभ्यास केला. तिथे काही कासवं प्रवाळावर राहतात तर काही बेटाच्या उभ्या कड्याला लागून, पाण्याखालच्या भिंतीवर. लहान हॉक्सबिलचा वावर फार थोड्या जागेत असतो. एकाच कपारीत रात्री झोपणारं कासव महिन्यांनी तिथेच सापडतं. म्हणून एखाद्या खाडीतली दहा-बारा कासवं मारली तर बाहेरून येऊन ती जागा पटकन भरत नाही.

आणि शिकारीचा नियम. काही बेटांवर ठरावीक मोसमात, ठरावीक आकाराच्या वरचं कासव पकडायची परवानगी होती किंवा अजून आहे. "लहान सोडा, मोठं घ्या" हा माशांचा नियम कासवाला लावणं म्हणजे विणीच्या माद्या मारणं. वीस-पंचवीस वर्षं जगून वयात आलेली एक मादी म्हणजे हजारो पिल्लांतून उरलेली एक. मर्यादा घालायचीच तर वरची घाला, म्हणजे ठरावीक आकाराहून मोठं कासव पकडायचं नाही.

---

सीग्रेप

सरगॅसमबद्दल कुणी लिहिलं नाही. २०११ पासून पूर्व कॅरिबियनच्या वाऱ्याकडच्या किनाऱ्यांवर या तपकिरी शेवाळाचे ढीग येतात. समुद्रात ते पिल्लांचं घर, किनाऱ्यावर त्यांची भिंत. गुडघाभर ओला ढीग पिल्लाला ओलांडता येत नाही. मादीही कधी त्याला अडून परत फिरते. घरट्यावर साचलं तर खाली हवा पोहोचत नाही आणि कुजताना गरमी बदलते.

काढायचं कसं: पहाटेची फेरी होऊन नवी घरटी खुणावल्यानंतरच, हाताच्या दाताळ्याने, फक्त लाटेच्या रेषेवरचं. बुलडोझर किंवा ट्रॅक्टर पुळणीवर आणला तर शेवाळाबरोबर वाळू उचलली जाते आणि ४५ सेंमीवरची हॉक्सबिलची अंडी चाकाखाली दबतात. यंत्र आणावंच लागलं तर ओल्या वाळूवरूनच चालवायचं, आणि पुळणीवर येण्या-जाण्याची एकच वाट ठरवून द्यायची.

---

उबवण

पिल्लं निघून गेल्यावरची तपासणी राहिली. हॉक्सबिलची अंडी साधारण दोन महिन्यांत फुटतात. पहिली मोठी झुंड बाहेर पडल्यावर दोन ते तीन दिवस थांबायचं, मग हाताने उकरायचं. निम्म्याहून जास्त असलेलं कवच एक धरायचं, तुकडे सोडायचे. बाकी वेगवेगळे ढीग: आत जिवंत पिल्लं, आत मेलेली, गर्भ न दिसणारी अंडी, गर्भ असलेली, आणि कवच फोडून अडकलेली.

समजा १२० कवचं, १४ गर्भ नसलेली, १० गर्भ असलेली, ६ फोडून मेलेली. एकूण १५०. उबवण १२० भागिले १५०, म्हणजे ८० टक्के. आत ४ जिवंत आणि ६ मेलेली सापडली तर बाहेर पडलेली ११०, म्हणजे ७३ टक्के. ती दहा पिल्लं एकूण संख्येत परत मिळवायची नाहीत, त्यांची कवचं १२० मध्ये आलेलीच आहेत. ही चूक फार जण करतात. लेदरबॅकची बिनबलकाची अंडीही एकूणात धरायची नाहीत, वेगळी लिहायची.

गर्भ असलेली अंडी खूप आणि सगळी एकाच टप्प्यावर मेलेली, तर घरटं त्या दिवसांत पाण्याखाली गेलं होतं का ते वादळाच्या तारखांशी ताडून बघा. गर्भच न दिसणारी खूप असतील तर अंडी वांझ होती किंवा अगदी सुरुवातीलाच मेली. हलवलेलं घरटं असेल तर आधी आपल्या हातांवर शंका घ्यावी.

---

हरिहरेश्वरी

खूप नेमकं मिळालं, आभार. हॉटेलांच्या दिव्यांचं काय करतात तिथे?

---

मुंगसाची_गोष्ट

दिवा खाली, दिवा झाकलेला, दिवा पिवळट. पिल्लू जमिनीलगतच्या सर्वात उजळ बाजूकडे जातं. पांढऱ्या एलईडीऐवजी ५६० नॅनोमीटरच्या वरचा अंबर एलईडी, आणि बल्ब पुळणीवरून थेट दिसता कामा नये. बार्बाडोसच्या पश्चिम किनाऱ्यावर हॉटेलं पुळणीला लागूनच आहेत, तिथे हा प्रश्न रोजचा. सकाळी घरट्यापासून पंख्यासारख्या पसरलेल्या बारीक खुणा जमिनीकडे वळलेल्या दिसल्या, तर रात्री त्याच जागी पिल्लाच्या उंचीवर डोळे आणून पालथं पडून बघा. कुठला दिवा ते लगेच कळतं.

---

पुळणवाट

शेवटी मूळ मुद्द्याकडे. पोहताना कासव दिसलं तर त्याची नोंद उपयोगी कशी पडेल?

पाठलाग करू नका. कासव श्वासाला वर येतं तेव्हा अडवलं तर ते श्वास न घेताच खाली जातं. चार-पाच मीटरवरून, बाजूने, चेहऱ्याचा फोटो घ्या, डावी आणि उजवी दोन्ही बाजू. डोळ्यामागच्या खवल्यांची मांडणी प्रत्येक कासवाची वेगळी असते आणि ती वर्षानुवर्षं टिकते. फ्लिपरवर टॅग दिसला तर नंबर वाचायचा, ओढायचा नाही. टॅगच्या मागच्या बाजूला परत कळवायचा पत्ता असतो. बरोबर तारीख, जागा, खोली, आणि खाली गवत होतं की प्रवाळ. अंगावर फुलकोबीसारख्या गाठी दिसल्या तर तेही लिहा. तो ग्रीन कासवांना होणारा विषाणूशी जोडलेला आजार आहे. अशा कासवाला हात लावलेलं साहित्य निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्याला लावत नाहीत.

टॅगची ताकद आपल्याकडेही दिसली आहे. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग केलेली ऑलिव्ह रिडले मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या पुळणीवर अंडी घालायला आली. टॅगवरचा नंबर कुणीतरी थांबून नीट वाचला, म्हणून ते कळलं.